उशिरा ऐकणारा बंगला

आमच्या बंगल्याला अठ्ठावीस वर्षं उशिरा ऐकू येतं.

वास्तू तथास्तु म्हणत असते, म्हणून घरात वावगं बोलू नये, हे सगळ्यांना लहानपणीच सांगतात. पण वास्तूचंही वय होतं, हे कुणी सांगत नाही. माळशिंगीचा हा बंगला संस्थानच्या पाहुण्यांसाठी बांधलेला. रंगीत तावदानं, विलायती फरशी, दिवाणखान्यात शेकोटी. गावात घाम पुसायला पंचा पुरत नाही आणि यांना शेकोटी हवी! संस्थान विलीन झालं तेव्हा माझ्या सासऱ्यांनी तो विकत घेतला. त्यांच्या तरुणपणी म्हणे बंगला आठवड्याभरात तथास्तु म्हणायचा. मग त्याला महिने लागू लागले, मग वर्षं. मी लग्न होऊन आले तेव्हा घरच्यांनी नाद सोडला होता. म्हातारं माणूस ऐकत नाही असं समजून आपण त्याच्यासमोर वाटेल ते बोलतो, तसंच झालं.

मलाही कळलं ते गेल्या वर्षी, गणपतीत. बंगला विकायला काढून महिना झाला होता. छपरावर दर पावसाळ्यात माणसं चढवायची, माझे गुडघे जिन्याला दाद देत नाहीत, आणि पुण्याच्या भाचीने तिच्या शेजारचा फ्लॅट बघून ठेवला होता. एका सकाळी आढ्यात कुणीतरी खाकरल्यासारखा आवाज झाला आणि मी स्वयंपाकघरात गेले तर ते दहा फूट लांब झालं होतं. ओटा जागच्या जागी, फळी मात्र लांब पलीकडे. मीठ आणायला मला मध्ये एक स्टूल ठेवावं लागलं. त्यावर बसले आणि आठवलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी गणपतीला आलेली माझी नणंद याच जागी करंज्या तळताना म्हणाली होती, "वहिनी, हे स्वयंपाकघर दहा फूट तरी लांब हवं होतं गं."

संक्रांतीनंतर लाटकर घड्याळवाले आले. ते वारून बरीच वर्षं झाली होती. पण लंबकाचं घड्याळ बघून जाताना ते एकदा दिवाणखान्यात उभं राहून "पार्ट मिळाला की येतो" म्हणाले होते, त्यामुळे त्यांचाही इलाज नव्हता. पार्ट त्यांच्या खिशातच होता. घड्याळ सुरू झालं, मी चहा दिला, आणि ते उठले.

"बरंय, जातो आता," लाटकर म्हणाले.

त्यांनी उंबरठ्यावर पाऊल उचललं. ते उचललेलंच राहिलं. तीनचारदा त्यांनी करून पाहिलं. मग दोघांच्याही लक्षात आलं की जो घराच्या शब्दावर आत आला त्याला जायलाही घराचाच शब्द लागतो, आणि "जातो" हे तर त्यांनी आत्ताच म्हटलं होतं.

"वेळ लागेल," मी म्हटलं.

"काही हरकत नाही," ते म्हणाले. "घरी तरी काय, भिंतीवर फोटोच आहे."

तेव्हापासून ते मागच्या खोलीत असतात. त्रास म्हणून काही नाही. घरातलं प्रत्येक घड्याळ बरोबर चालतं.

त्या रात्री मला आनंदाने झोप आली नाही. लाटकर आले म्हणजे हेही येणार. आमचे हे, भालचंद्र तांबवेकर, शाळेत चित्रकला शिकवायचे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, लाटकर घड्याळ बघून गेले त्याच वर्षी मार्गशीर्षात, चंपाषष्ठीच्या सकाळी, ते तालुक्याला गेले. तिथलं टॉकीज पाडत होते आणि खुर्च्या विकायला काढल्या होत्या. ह्यांना लोखंडी सांगाड्यावर जोडलेली चार खुर्च्यांची एक रांग दिवाणखान्यात हवी होती. मी कपाळाला हात लावला. दारात चपला चढवण्याआधी आत उभं राहून ते म्हणाले, "संध्याकाळी खुर्च्या घेऊन येतो. भरीत कर." चातुर्मास संपला की पहिलं वांगं आमच्याकडे चंपाषष्ठीला. परतताना घाटात टेम्पो उलटला. भरीत तसंच राहिलं.

तेव्हा आता येत्या चंपाषष्ठीपर्यंत बंगला माझ्या ताब्यात राहायला हवा, एवढंच मला हवं होतं. बाकी काही नाही.

आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक मिळालं. आमच्या गावात जमिनी आणि घरं दाखवायचं काम मुल्लाभाई करतात. मे महिन्यात ते निंबरगी नावाच्या माणसाला आणि त्याच्या आईला घेऊन आले. त्या दिवशी दिवाणखान्यात बर्फ पडत होता. हाही नणंदेच्या घरचाच आहेर. तिचे यजमान एकदा उन्हाळ्यात उघडे बसून म्हणाले होते, "इथं बर्फ पडला तर मी इथंच राहीन." सुदैवाने ते कॅनडात असतात आणि मी त्यांना कळवलं नाही.

निंबरगींनी तळवा पुढे करून बर्फ झेलला. "काकू, वरून ओल येते का?"

"फक्त मे महिन्यात," मी म्हटलं.

"वयनी खोटं बोलायच्या न्हाईत," मुल्लाभाई म्हणाले. "येवढा गार हॉल तालुक्यात दावा म्हनावं कुनी."

मागच्या खोलीत लाटकर भिंगातून घड्याळात बघत होते. "हे कोण?" निंबरगींनी विचारलं.

"घड्याळवाले."

"विक्रीत येतात?"

"हो. वस्तूंसहच दिलाय बंगला."

निंबरगींच्या आईंना मात्र बंगला मनापासून आवडला. त्यांनी शेकोटीवरून हात फिरवला, मुलाला म्हणाल्या, "हितं लगनं लागू देत बाबा, ढिगानं." घराने ते ऐकलं असणारच. म्हटलं, कळ काढा बाई, अठ्ठावीस वर्षं. व्यवहार ठरला. कागद झाले. फक्त ताबा कधी घ्यायचा हे त्या आईंच्या हातात होतं, आणि त्यांचं कुलदैवत खंडोबा. त्यांनी चंपाषष्ठी काढली.

"सकाळी धाला यिऊ?" मुल्लाभाईंनी विचारलं.

"दिवेलागणीनंतर या," मी म्हटलं.

"बरं. पर त्याच दिशी द्या म्हंजे झालं. म्हातारीनं नारळ घिऊन ठिवलाय."

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावरच सगळं अडलं होतं. टेम्पो उलटला त्या दिवशी घाटातली बातमी दुपारी आली होती. लोक मला दवाखान्यात न्यायला आले तेव्हा दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहून मी ओरडले होते, "या घरात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही." अर्थात ठेवलं. जाणार कुठे? त्याच रात्री परत आले आणि पुढे अठ्ठावीस वर्षं राहिले. बंगल्याला ऐकूच आलं नव्हतं. पण या चंपाषष्ठीला दुपारी ते ऐकू येणार होतं, आणि ह्यांचं "येतो" होतं संध्याकाळचं.

मी वकिलासारखा विचार केला. पाऊल पुन्हा ठेवायचं नाही, म्हणजे बाहेर जाऊन परत यायचं नाही. बाहेर पडलेच नाही तर अडचणच नाही. झालं! आदल्या दिवशीच वांगी, कांद्याची पात, दूध, सगळं आणून ठेवलं. चंपाषष्ठीला पहाटे अंगणात रांगोळीसुद्धा काढली नाही. उंबरठ्याच्या आत बसून हात पोहोचेल तेवढी काढली, तीही वाकडी.

दुपारी आढं खाकरलं. मी शेकोटीजवळ खुर्चीत बसून होते. दिवाणखाना माझ्याभोवती जरासा आवळला गेला. भिंती चार बोटं आत आल्या असतील, फार नाही. व्हरांड्याचं दार उघडं होतं, त्यातून वारा यायचा थांबला. मी पाय वर घेऊन मांडी घातली. बाकी काही झालं नाही.

तिसऱ्या प्रहरी वांगी भाजली. स्वयंपाकघर लांब असल्यामुळे धूर दुसऱ्या टोकाला जातो, ही नणंदेची कृपा. लाटकरांनी मागच्या खोलीतून विचारलं, "किती वाजेपर्यंत व्हायला हवं?" मी म्हटलं, "दिवे लागायच्या आत." ते म्हणाले, "आहे वेळ." मी साडी बदलली. आरशात बघितलं आणि हसूच आलं. सहासष्टाव्या वर्षी नवऱ्यासाठी नटायचं, आणि नवरा बेचाळीसचा.

फाटकाशी टेम्पोचा आवाज आला आणि गेला. रस्त्याच्या कडेला चार खुर्च्यांची रांग उभी होती. लाल रेक्झीन, लाकडी हात, खाली लोखंड. तिच्या एका टोकाला हे उभे होते. सकाळचाच शर्ट होता. कपाळावर थोडी धूळ होती.

मी दारात गेले, उंबरठ्याच्या आत. चौकट धरून उभी राहिले.

"आलात?" मी म्हटलं.

"आलो. केस पांढरे केलेस?"

"हो."

"बरे दिसतात," हे म्हणाले. "जरा हात लाव गं. एकट्याला उचलत नाही."

"ते राहू दे तिथंच. तुम्ही आत या."

"असं कसं? रस्त्यावर टाकू? कुणी उचलून नेलं म्हणजे?"

"नेऊ दे."

"हेमा," हे म्हणाले, "आतापर्यंत कुठल्या वस्तूला मी असं टाकून आलोय का?"

नव्हते आले. फुटक्या पाटीचा तुकडासुद्धा हा माणूस घरी आणायचा. आणि "हेमा" म्हणून हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. भाची मावशी म्हणते, गाव वहिनी म्हणतं. मी उंबरठा ओलांडला. व्हरांड्याच्या पायरीवर मला माझं वाक्य आठवलं, पण तोवर त्यांनी त्यांचं टोक उचललं होतं आणि मला माझं उचलावं लागलं. लोखंड गार होतं. रांग अपेक्षेपेक्षा जड निघाली. आम्ही दोनदा टेकवली, एकदा त्यांनी मला "हळू, कंबर सांभाळ" म्हटलं. किती वर्षांनी माझ्या कंबरेची कुणी काळजी केली! मला रडूही येत होतं आणि हसूही.

तोंड माझ्याकडे, पाठ घराकडे, असे उलटे चालत हे व्हरांडा चढले आणि उंबरठा ओलांडून आत गेले. पहिली खुर्ची आत गेली. दुसरी गेली. मग रांग थांबली.

"चल ना," हे आतून म्हणाले.

मी पाऊल उचललं. ते उचललेलंच राहिलं.

"काय झालं?"

"पाऊल पडत नाही."

"का?"

"मी म्हणाले होते."

"कधी?"

"दुपारी. तुम्ही नव्हता तेव्हा."

ह्यांचा चेहरा असा काही मऊ झाला की मी खाली बघितलं. "वेडी कुठली," हे म्हणाले. "थांब, मीच येतो बाहेर."

मी आढ्याकडे कान लावला. काहीही आवाज आला नाही. ह्यांचा उजवा पाय उंबरठ्याच्या वर तसाच राहिला. मागून लाटकर डोकावले, त्यांनी तो पाय बघितला आणि समजून उमजून पुन्हा खोलीत गेले.

"आता?" ह्यांनी विचारलं.

"आता वेळ लागेल."

"किती?"

"टेकवा आधी," मी म्हटलं. "हात भरून आले माझे."

आम्ही रांग खाली ठेवली. दोन खुर्च्या आत, दोन व्हरांड्यात, मधला लाकडी हात बरोबर उंबरठ्यावर. हे आतल्या टोकाला बसले, मग उठून अलीकडच्या खुर्चीवर आले. मी माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसले. स्प्रिंगा कुरकुरल्या. समोर दाराची चौकट होती. ह्यांचा हात मधल्या लाकडावर होता, मी माझा त्यावर ठेवला. तो गरम होता. लाकूड एकच असल्यामुळे ते आत धरायचं की बाहेर, याचा बंगल्यालाही निवाडा करता आला नसावा.

"भरीत केलंस?"

"आत आहे. तुम्हीच आणा. मीठ लांब आहे, मध्ये स्टुलावर बसा."

हे भाकरी आणि भरीत घेऊन आले. ताट लाकडी हातावर ठेवून आम्ही जेवलो. मला बंगल्याचा राग आला नाही. त्याने दोघांचंही ऐकलं होतं. इतक्या वर्षांत कुणी आमचं इतकं मनावर घेतलं नव्हतं. मी सुखात होते, खोटं कशाला बोलू?

दिवेलागणीनंतर फाटकाशी गाडी थांबली. निंबरगी, त्यांच्या आई आणि मुल्लाभाई आले. आईंच्या हातात नारळ होता. मी कमरेची किल्ली काढून निंबरगींच्या हातात दिली. व्यवहार म्हणजे व्यवहार.

मुल्लाभाईंनी ह्यांच्याकडे बघितलं, डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "मास्तर," ते म्हणाले.

"बसा मुल्लाभाई."

"दार लावायचं कसं वो वयनी?"

"लागत नाही," मी म्हटलं.

निंबरगींच्या आई व्हरांड्यातल्या टोकाच्या रिकाम्या खुर्चीवर माझ्या शेजारी बसल्या, नारळ मांडीवर घेतला आणि टॉकीजात बसल्यासारखं समोर बघू लागल्या.

निंबरगी किल्ली घेऊन उभे होते. "काकू, हे किती वेळ चालणार आहे?"

"आत्ताच सुरू होतंय," हे आतून म्हणाले, आणि हात लांब करून त्यांनी दिवाणखान्यातला दिवा मालवला.