चनबसप्पाच्या मोटारीतली तार

तुळजापूरचा घाट लागला की चनबसप्पाच्या टॅक्सीतले उतारू न सांगता खाली उतरत आणि मागून ढकलू लागत. काही जण तर बायकापोरांना आधीच एसटीनं पुढं धाडून स्वतः ढकलायच्या तयारीनं येत.

यावर उपाय काढला सिद्धनाथ मिस्त्रीनं, चौऱ्याहत्तर साली. अक्कलकोट रोडला टॉवेलांच्या कारखान्याशेजारी त्याचं पत्र्याचं गॅरेज. उजनी धरणाच्या कामावरच्या मोडक्या यंत्राचा टर्बो त्याला भंगारात गावला. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा दाबून भरतो. सिद्धनाथनं तो चनबसप्पाच्या मोटारीला बसवला आणि चहाच्या गाड्यावर चारचौघांत बोलून गेला, "चनबसप्पाची आव्वा बसल्या जागी घाट चढंल. तिचा पाय रस्त्याला लागला, तर गॅरेजची पाटी माज्या हातानं उतरवीन."

बोलला खरं, पण त्या रात्री त्याला झोप आली नाही. 'सिद्धनाथ इंजिन वर्क्स' ही पाटी अकरा वर्षं दारावर होती, आणि सासऱ्यानं मुलगी दिली ती ही पाटी बघूनच.

धरणावरच्या फिटरनं त्याला सांगून ठेवलं होतं, पंधरा शेर हवेला एक शेर पेट्रोल लागतं. पंखा दाबून हवा भरू लागला की पेट्रोलचा हात सैल करायचा, बारा शेराला एक. हवा तागडीत कशी तोलायची हे सिद्धनाथनं विचारलं, तेव्हा फिटर म्हणाला, इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढून बघ. पांढरा पडला तर इंजिन पेट्रोलला उपाशी आहे, काळा झाला तर अति खातंय, भाजल्या शेंगदाण्यासारखा दिसला तर बरोबर.

पहिल्या आठवड्यात चनबसप्पानं प्लग आणून दाखवला, तो राखेसारखा पांढरा. सिद्धनाथनं कार्बोरेटरमधलं जेट, म्हणजे पेट्रोल यायचं बारीक भोक, थोडं मोठं केलं. पुन्हा पांढरा. आणखी मोठं केलं. तरी पांढरा. तिसऱ्यांदा मोठं करताना त्याला फिटरच्या अकलेचीच शंका यायला लागली.

मंगळवारी निघाले. पुढं चनबसप्पा आणि सिद्धनाथ, मागं चनबसप्पाची आई ईरम्मा आव्वा, मांडीवर ओटीचं सामान. पहिल्याच चढाला इंजिन डब्यात खडे हलवावेत तसं वाजू लागलं.

"थांबीव," सिद्धनाथ म्हणाला. "असंच रेटलं तर पिस्टनला भोक पडंल. आव्वा, तुमी उतरू नका."

"मी कशाला उतरू? पाटी तुजी हाय की."

त्यानं जेट काढून उजेडात धरलं. भोकात तांब्याची तार.

"ही कुणी घातली?"

चनबसप्पा दरीकडं बघत म्हणाला, "पेट्रोल किती म्हागलंय, मिस्त्री. समदेच घालतेत. तुमच्याकडं येताना काढायचो, घरी गेलो की घालायचो."

"म्हंजे मी भोक मोठं करायचं आन् तू बुजवायचं?"

"रागावणार म्हून बोललो न्हाय."

सिद्धनाथनं तार काढली. पण जेट आता तीनदा मोठं केलेलं. पेट्रोल धो धो आलं आणि मोटार काळा धूर ओकत, खोकत वीस हात जाऊन बसली. मागून मेंढरं येत होती, ती पांढरी आली आणि काळी होऊन पुढं गेली. मेंढक्या आपली मेंढरं शोधत परत खाली उतरला.

सिद्धनाथ दगडावर बसला. तार घातली तर उपाशी, काढली तर अजीर्ण. बोटांत तार फिरवता फिरवता त्याला दिसलं, ती दोन पदरी आहे, पीळ दिलेली. त्यानं पीळ उलगडला, एक पदर टाकून दिला आणि दुसरा परत जेटमध्ये घातला.

मग मात्र मोटार अशी चढली, की पुढं चाललेल्या एसटीच्या ड्रायव्हरला वाटलं आपलीच गाडी मागं घसरतीय, आणि त्यानं करकचून ब्रेक दाबला.

वर पोचल्यावर सिद्धनाथनं प्लग काढून आव्वापुढं धरला. तिनं तो निरखून बघितला. "चांगला भाजलाय. चटणीला चालंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजसमोर सहा टॅक्स्या उभ्या. प्रत्येकाच्या हातात तांब्याच्या तारेचं भेंडोळं.

"मिस्त्री, ती घाट चढायची तार आमच्यातबी घाला की."

सिद्धनाथनं त्यांना पंधरा शेर, बारा शेर, उपाशी, अजीर्ण, सगळं दुपारपर्यंत समजावलं. सहाही जणांनी मन लावून ऐकलं. शेवटी त्यातला बिरप्पा म्हणाला, "ते समदं खरं वो. पर तार किती लांब घ्यायची?"

सिद्धनाथ उठला, स्टूल दाराशी ओढलं, आणि गॅरेज बंद आहे असं वाटावं म्हणून पाटी स्वतःच्या हातानं उतरवून आत घेऊन गेला.