पान हलू नये म्हणून

त्याने आयुष्यभर थेंबांचे फोटो काढले. पानावर ड्रॉपरने थेंब ठेवायचा, मागे एखादं फूल धरायचं, की थेंबात ते इवलंसं होऊन उलटं उमटायचं. नंतर फोटो फिरवला की झालं. कॅलेंडरांमधून लोकांच्या भिंतींवर त्याची फुलं वर्षभर लटकत असायची. त्याचा स्वतःचा फोटो मात्र घरात औषधालाही नव्हता, आणि आता फुप्फुसांनी हात टेकले होते. “घरी न्या,” असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा बायकोने पुढचं काही विचारलं नाही. तिला फक्त त्याचा एक फोटो हवा होता.

“या थोबाडाचा?” बसलेली गालफडं चाचपत तो म्हणाला. “शेजारची पोरं घाबरतील.”

“मग थेंबात काढू. मोहरीएवढे दिसाल. कोण घाबरतंय!”

तो हसला, त्याचा खोकला झाला, आणि खोकता खोकताच त्याने मान डोलावली.

नणंदेने उशा लावून भावाला खिडकीशी बसवलं. बायकोने समोरच्या स्टुलावर कुंडी ठेवली. थेंब टिकावा म्हणून पाण्यात ग्लिसरीन घातलं होतं. तो खाटेवरूनच हुकूम सोडत होता. “जरा वर घे. अगं, वर म्हणजे आभाळात नव्हे!”

पण खाटेशेजारचं ऑक्सिजनचं मशीन घरघरायचं, त्याने लाकडी जमीन थरथरायची, जमिनीबरोबर स्टूल, स्टुलाबरोबर पान, आणि पानावर नवरा.

“बंद कर ते धूड. तेवढा वेळ घेईन माझा मी श्वास.”

“दादा, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?” नणंद म्हणाली.

“तू चहा टाक जा.”

बायकोने मशीन बंद केलं. त्याची रीतच ती होती: पंखा बंद, दार बंद, स्वतःचा श्वासही बंद, मगच बटण.

पान स्थिरावलं. तिने कॅमेऱ्याला डोळा लावला. थेंबात तो उलटा बसला होता. नळी दिसेना, खड्डे दिसेनात. लग्नात होता तसा रुबाबदार! ‘डोळा थेंबावर ठेव, मागचं पुसट झालं तरी होऊ दे,’ हे त्यानेच शिकवलेलं. पहिले फोटो वायाच जातात, हेही त्यानेच. तिने बटण दाबलं. परत दाबलं.

“हलू नका हं.”

तो हलला नाही.

“शहाणं बाळ,” ती म्हणाली आणि आणखी एक काढला.

“वहिनी, अगं त्याच्याकडे बघ!” नणंद दारातून ओरडली.

तिने मान वर केली. त्याचे ओठ जांभळे पडले होते.

मशीन पुन्हा घरघरलं. नणंद त्याची पाठ चोळत राहिली, वहिनीकडे तिने पाहिलंही नाही. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

“आला?”

तिने कॅमेरा उलटा करून त्याच्यापुढे धरला. त्याने एकेक फोटो निरखला.

“सगळे धूसर. पान नाही हललं. तूच हललीस. पुन्हा काढ. बंद कर ते.”

तिचा हात मशीनच्या बटणाकडे गेला. खरंच गेला. मग तिने तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून बसली.

“नाही.”

“एकच.”

“नाही म्हटलं ना! आता मी तुमच्याकडे बघणार.”

“माझ्यात काय बघायचंय? थेंबातच बरा दिसतो मी.”

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांच्या संसारातले रुसवे फार तर जेवणापर्यंत टिकायचे. हा रुसवा निघायच्या आत तो गेला.