राक्षस मेला नव्हता

सुरतेच्या डिंडोलीतल्या कापड विणणाऱ्या कारागिरांनी तो जुना सिनेमा पाहिला नव्हता, तरी सगळ्यांना तोंडपाठ होता. उडता घोडा, समुद्रातला किल्ला, एका डोळ्याचा राक्षस. बावीस वर्षं निंबाआबा लूमच्या खात्यात जेवणाच्या सुट्टीत तोच सांगत आले होते. डब्यातली भाजी गार व्हायची, पण राक्षस आवरायचा नाही.

आणि त्र्याण्णव साली, सुट्टीच्या भर दुपारी, हेमराज नावाच्या तरण्या कारागिरानं आपल्या खोलीवर व्हीसीआर भाड्यानं आणला आणि नेमकी त्याच सिनेमाची कॅसेट.

"ताप आलाय म्हणा अन् घरीच पडा," धुरपदाबाई नवऱ्याला म्हणाल्या. आबांनी सिनेमा अर्धाच पाहिलाय हे त्यांना एकट्यांनाच ठाऊक होतं. अमळनेरच्या जत्रेत मध्यंतराला वावटळ आली आणि सिनेमाचा तंबूच उडाला. तीन कोस गेला म्हणे, अन् तिकीटवाले मागे धावत. पुढची गोष्ट आबांच्या पदरची.

"पडायला मी काय चोर आहे?" आबांनी टोपी झटकली आणि थेट पहिल्या रांगेत जाऊन बसले.

घोडा उडाला, तसा हेमराज ओरडला, "तार! ती बघा तार!"

लूमवरच्या हजारो धाग्यांत तुटलेली एक तार हेरणारे ते डोळे; घोडा जिला टांगला होता ती तार सगळ्यांनाच दिसली. हशा पिकला. राक्षसाच्या पाठीला तर जाकिटासारखी चेन होती.

"दिसली तर दिसू दे!" आबा गरजले. "घोडा उडतोय का नाही? लेका, जन्म चाललाय तारा बघण्यात, जरा घोडा बघ!"

मग राक्षसाचा डोळा उघडला. हळूहळू, टीव्हीची काच भरून. हसणारे मागे सरकले. आबांच्या अंगावर पुन्हा तोच काटा आला. तो डोळा त्यांनाही कधी नीट सांगता आला नव्हता.

पण उत्तरार्धात राजपुत्रानं एका भाल्यात राक्षस मारला, लग्न केलं, संपलं.

सगळ्यांच्या माना आबांकडे वळल्या. आबांच्या गोष्टीत राक्षस मरत नसे. गाव पार होईपर्यंत तो मोडका पूल खांद्यावर धरून उभा राही.

"म्हणजे बावीस वर्षं थापा?" हेमराज उठला. "आबा, उद्यापासून कोण ऐकणार तुमचं?"

आबांनी टोपी सारखी केली. मान ताठ. "थापाच! त्यांच्याकडे घोडे, किल्ले, सगळा सरंजाम, तरी मारण्यापलीकडे काही सुचलं नाही. मला भाकर चावता चावता सुचलं. माफी मागायची तर त्यांनी मागावी."

"अन् पुलावरची माणसं?" बॉबिन भरणाऱ्या इंदुबाई मागून म्हणाल्या. "ती बुडाली का रे, हेमराज?"

"मावशी, सिनेमात पूलच नाही."

"मग कसला रे आणलास हा सिनेमा!"

खोलीभर गलका झाला. हेमराजनं टीव्ही बंद केला, डोकं खाजवलं आणि मांडी घालून खाली बसला.

"बरं आबा, पण तुमच्या राक्षसाला भाला लागला असता तर?"

"लागलाच की," आबा म्हणाले. "भाल्यासकट उभा होता."