हळदीचा दुसरा हात

पाटोद्याच्या बाजाराहून अर्जुनराव परतले ते गाडीतून पाय खाली टाकायच्या आधीच बोलायला लागले. मंजुळाबाईंच्या बैठकीत फोटो लागला होता. मंजुळाबाई म्हणजे वाटेवरच्या शेजारच्या गावच्या वतनदारीण. त्यांच्या घराशी या घराची चढाओढ इतकी जुनी की ती कशावरून सुरू झाली हे दोन्हीकडं कुणालाच सांगता आलं नसतं. आणि फोटो नुसता पुरुषांचा नव्हे हो. मंजुळाबाईंच्या दोन्ही सुना खुर्च्यांवर ऐटीत बसलेल्या, अन् कचेरीतला पेशकार म्हणू नका, कारकून मोहरीर म्हणू नका, जो येईल तो पागोटं मागं सारून बघत उभा राहतोय.

सुंदरबाईंना, म्हणजे अर्जुनरावांच्या आईंना, हे ऐकून घास गोड लागेना. ज्या घरातल्या बाया कधी ओसरीवर येत नाहीत, तिथल्या सुनांचं रूप बैठकीत टांगायचं म्हणजे कमालच. पण सुंदरबाईंनी त्यातून वाट काढली. फोटो काही बोलत नाही, चालत नाही, त्याला कसला आलाय पडदा, असं त्यांनी जाहीर केलं आणि लेकाला फर्मावलं की औरंगाबादेहून फोटोवाला आणा, आपल्याही सुनेचा फोटो लागला पाहिजे.

सुनेचा म्हणाल्या, सुनांचा नव्हे. चुलीपुढं बसलेल्या छबुबाईंच्या कानांनी ते बरोबर टिपलं.

छबुबाई थोरली सून, अर्जुनरावांची बायको. परके लोक त्यांना सावळी म्हणायचे, घरातले काळी. नाकडोळे कसे आहेत हे बघायच्या भानगडीत कुणी पडलंच नव्हतं, रंगापाशीच सगळ्यांची नजर अडायची. लग्नकार्यात वाढायला छबुबाई पुढं आणि मिरवायला मागं. हळदीकुंकवाला बाया आल्या की सासूबाई त्यांना बरोबर अंधाऱ्या कोपऱ्यात बसवायच्या. इतक्या वर्षांत त्याची सवय झाली असेल असं सगळ्यांना वाटे. सवय कसली होतेय. फोटो म्हटल्याबरोबर भाकरी उलटायची त्या विसरल्या. एकदा, फक्त एकदा, आपल्याला कुणीतरी उजेडात नीट बघावं, आणि ते भिंतीवर कायमचं राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. भाकरी तव्यावर करपली तरी त्यांचं ध्यान नव्हतं.

धाकटी सून वच्छलाबाई. रंगानं केतकी, अंगानं भरलेली, गालाला खळी. सुंदरबाईंनी नऊ गावं पालथी घालून त्यांना हुडकून आणलं होतं. तरुणपणी सुंदरबाई स्वतः अशाच देखण्या होत्या म्हणे. हळदीनं पिवळं धमक तोंड, आडवं कुंकू, हनुवटीवर गोंदण, ओठ झाकणारी नथ. आता कपाळ पांढरं झालेलं, तेव्हा आपली सगळी हौस त्यांनी वच्छलाबाईंच्या तोंडावर फिरवायला घेतली होती. वच्छलाबाई स्वभावानं गोड हो, पण भित्री. पाल चुकचुकली तरी थोरल्या जावेचा पदर धरायच्या.

आता या सगळ्यात भर म्हणून बद्रीनाथ आले. बद्रीनाथ धाकटा लेक, वच्छलाबाईंचा नवरा, हैदराबादेत वकिलीच्या परीक्षेसाठी राहिलेला. डोक्यावर रुमी टोपी, अंगात शेरवानी, आणि तोंडात तिकडच्या गोष्टी. तिकडं म्हणे मोठ्या घरच्या बाया हळद लावतच नाहीत, पावडर लावतात. नथ न घालता नाकात नुसती चमकी. चोळीची गाठ जाऊन पोलक्याला बटणं आलेली. अन् अंगानं बारीक असणं ही आता खानदानी गोष्ट समजतात. हे शेवटचं ऐकून सुंदरबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. बारीक बाई म्हणजे सासरी उपाशी ठेवलेली, हे त्यांचं पक्कं मत.

बद्रीनाथांनी फोटोसाठी म्हणून बायकोला पावडरचा डबा आणि निळं रेशमी लुगडं आणलं होतं. निळं म्हणजे कसं, उन्हाळ्यातल्या आभाळासारखं फिकट. सुंदरबाईंनी ते दोन बोटांत उचललं. नव्या सुनेनं असलं विटकं रूप करून बसायचं होय? त्यांनी पावडर गड्याकरवी उकिरड्यावर टाकायला लावली आणि लुगडं छबुबाईंच्या मांडीवर फेकलं. म्हणाल्या, "हे तू नेस. तुझ्या अंगावर निळं काय अन् हिरवं काय, सारखंच."

छबुबाईंनी ते घडी करून ठेवलं. पण त्या रात्री त्यांना झोप आली नाही, हे खरं. लुगडं तर मिळालं, आता फोटो तेवढा राहिला होता.

आणि मग फोटोवाला आला. काय तो दिवस. पाखरं उठायच्या आधी घर उठलं. याकूबमियां म्हातारे, दाढी पांढरी, गाडीतून तीन पायांची घोडी, पेटी, काळं कापड असं काय काय उतरवत होते आणि अर्धं गाव भोवती जमलेलं. बायांचा फोटो मात्र ते काढणार नव्हते. त्यासाठी त्यांची बायको रहमतबी होती. नवऱ्याच्या हाताखाली सगळं शिकलेली, तोंडात पान, कमरेला ओढणी खोचलेली. पेटी तिनंच उचलून आतल्या अंगणात नेली. बाई असून यंत्र चालवते हे बघायला भिंतीवर शेजारणींची रांगच लागली.

आत सुंदरबाईंनी वच्छलाबाईंना पाटावर बसवून नटवायला घेतलं होतं. तांबडा जरीचा शालू, खोप्यावर सोन्याचं फूल, कपाळभर कुंकू, गुडघ्यापर्यंत येतील एवढ्या माळा. आणि हळद. ताजी कुटलेली, तेलात कालवलेली, तोंडाला, मानेला, हातांना, पावलांना. छबुबाईंनी वाटीकडं नुसतं बघितलं तर सासूबाई म्हणाल्या, तुझ्यावर लावून वाया कशाला घालवायची.

रहमतबी डोकावली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. म्हणाली, "हल्दी नक्को अम्मा. तस्वीर में पीला-लाल काला आता, नीला सफेद."

सुंदरबाईंना दखनी चांगली समजायची. हळद काळी दिसते हे मात्र काही केल्या त्यांच्या डोक्यात बसेना. त्यांनी वच्छलाबाईंच्या गालाकडं बारकाईनं बघितलं, थोडा विचार केला, आणि त्यांना उमज पडला. काळं येतंय म्हणजे हळद कमी पडत असणार. त्यांनी वाटी पुन्हा पुढं ओढली आणि वरून दुसरा हात दिला, पहिल्यापेक्षा जाड. रहमतबीनं आढ्याकडं बघत पान चघळलं.

अंगणात एकच खुर्ची मांडलेली होती. वच्छलाबाई जाऊन बसल्या, समोर त्या काळ्या कापडाखाली रहमतबीचं डोकं गडप झालं आणि पेटीचा डोळा तेवढा उरला. झालं. वच्छलाबाई लटलट कापायला लागल्या. माळा वाजायला लागल्या. कापडाखालून आवाज आला की हललं तर तोंड पुसून जाईल. मग तर रडूच फुटायचं बाकी राहिलं. सुंदरबाईंनी दटावलं, चुचकारलं, देवाची शपथ घातली. वच्छलाबाईंनी छबुबाईंकडं बघत एकच धोशा लावला, अक्का जवळ बसली तरच बसते.

ऊन उतरायला लागलं होतं. यंत्राला ऊन पाहिजे. सुंदरबाईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, बस गं बाई हिच्या शेजारी, हात धर एकदाचा.

छबुबाईंनी विहिरीच्या पाण्यानं तोंड धुतलं, निळं लुगडं कसंबसं नेसलं, अन् धावत आल्या. धावत. घरच्या थोरल्या सुनेला असं धावताना कुणी बघितलं नव्हतं. दुसरी खुर्ची आली. सुंदरबाई दाराकडं तोंड करून राखणीला उभ्या राहिल्या, एखादा गडी चुकून आत यायला नको. छबुबाईंनी वच्छलाबाईंचा हात घट्ट धरला, पाठ ताठ केली, आणि पेटीच्या डोळ्यात सरळ बघितलं. कुणाकडं असं बघायची परवानगी त्यांना कधी मिळाली नव्हती. ऊर असा धडधडत होता की आता आपणच हलतोय असं त्यांना वाटलं. पण नाही हलल्या.

फोटो यायला महिना लागला. तो महिना छबुबाईंनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. दळताना फोटो, सारवताना फोटो. आपण दिसू तरी का, की कोपऱ्यातल्यासारखा तिथंही अंधारच येईल? कधी वाटे, सासूबाई तेवढी बाजू कात्रीनं कापून टाकतील. कापलीही असती हो, त्यांचा काय भरवसा.

पुडकं आलं त्याच दिवशी सुंदरबाईंनी गाडी जुंपून मंजुळाबाईंना बोलावणं धाडलं. घरातही कुणाला उघडू दिलं नाही. बाया जमल्या, पानसुपारी झाली, मंजुळाबाई लोडाला टेकल्या, आणि मग सुंदरबाईंनी सुतळी सोडली.

आता खरं सांगायचं तर सुंदरबाईंनी उभ्या आयुष्यात फोटो हातात धरला नव्हता. उलटा धरला, सुलटा केला. जाड पुठ्ठ्यावर दोन बाया हातात हात घालून बसलेल्या. एकीचं अंगभर काळं वस्त्र, माळाही त्या काळ्यातच बुडालेल्या, कपाळाला काळा पट्टा, तोंड कोळशासारखं. दुसरीचं लुगडं पांढरं लखलखीत, तोंड सावळं पण रेखीव, नजर समोर. सुंदरबाईंनी आधी काळी कोण हे शोधलं, ती थोरली असं धरलं, आणि मग उरलेलीवर बोट ठेवलं.

छबुबाई मागून बघत होत्या. आधी त्यांना पाठीच्या ताठपणावरून ओळख पटली, मग हाताच्या धरण्यावरून, मग सगळीच. शेजारी वच्छलाबाईंनी तोंडावर पदर दाबला होता. त्यांनीही ओळखलं होतं.

"ही माझी वच्छला," सुंदरबाई मंजुळाबाईंना म्हणाल्या. "नाक बघा, असं सरळ नाक पाटोद्यात दुसरं दाखवा मला. डोळ्यांत पाणी कसं हाय. अन् मान? माझी मान अशीच होती तरुणपणी. रूप म्हणत्यात ते ह्याला."

मंजुळाबाईंना मान हलवावीच लागली. आणि ही दुसरी, असं त्यांनी विचारलं तर सुंदरबाई म्हणाल्या, ती आमची थोरली, हात धरायला बसवलेली.

बाया पुढं सरकल्या. फोटो हातोहात फिरला. जी ती बोलू लागली, कुणी भुवया वाखाणल्या, कुणी हनुवटी. छबुबाई तिथंच उभ्या होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्याबद्दल ऐकत होत्या, तेही दुसऱ्याच्या नावानं. गप्प बसल्या असत्या तर दिवस सुखात गेला असता. पण आनंद इतका दाटून आला होता की तो परक्या नावावर सोडवेना.

"आत्याबाई," त्या म्हणाल्या, "ती मी हाय."

पानाचं तबक जिच्या हातात होतं तिच्याच हातात थांबलं. वच्छलाबाईंना एवढा वेळ आवरलेलं हसू फुटलं. म्हणाल्या, "अन् कोळसा झालेली मी. हळद लई झाली, आत्याबाई."

मंजुळाबाईंचे डोळे चमकले. आठ दिवस गावोगाव सांगायला पुरेल असा ऐवज त्यांच्या पदरात पडला होता. त्या सुंदरबाईंच्या तोंडाकडं बघत राहिल्या, आता ही काय करते म्हणून.

सुंदरबाईंनी फोटो डोळ्याजवळ नेला, लांब धरला. मग त्यांनी हात पुढं केला आणि म्हणाल्या, "इकडं ये. झरोक्याखाली ये."

छबुबाई आल्या. माळवदाच्या झरोक्यातून उन्हाचा तुकडा खाली पडला होता, त्यात सुंदरबाईंनी त्यांना उभं केलं. हनुवटीला बोट लावून तोंड वर केलं. डावीकडं वळवलं, उजवीकडं वळवलं. फोटोत बघितलं, तोंडाकडं बघितलं. पुन्हा फोटोत. इतका वेळ लागला की बाया कंटाळून चुळबुळ करायला लागल्या. सुंदरबाईंचं बोट मात्र हनुवटीवरून निघेना.

मग त्या मंजुळाबाईंकडं वळल्या.

"मी बोलले त्यातला एक शब्द मागं घेत न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमीच बघा. नाक सरळ हाय का न्हाई?"

मंजुळाबाई उठून जवळ आल्या. बाकीच्या बाया आल्या. सगळ्यांनी मिळून छबुबाईंकडं बघितलं, अगदी नीट, उजेडात. छबुबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही आणि तोंडही खाली केलं नाही.