खिडकी उघडणारा माणूस

"पण साहेब, खिडकी उघडतो कोण?"

नकाशेकाकांनी असं विचारल्यावर साहेब हसले. "कोण म्हणजे? खोली तापली की मॉडेलमध्ये खिडकी आपोआप उघडते. नियमातच तसं धरलंय, माणसाला उकडलं की तो उठून खिडकी उघडतो."

आर्किटेक्टच्या त्या ऑफिसात काकांची तीस वर्षं गेली होती. आधी फळ्यावर वाकून नकाशे काढले, मग पन्नाशीला टेकल्यावर कॉम्प्युटर शिकले. आता ते न बांधलेल्या इमारतीचं मॉडेल बनवत, त्यात वर्षभराचं ऊन सोडत आणि कुठली खोली किती तापेल ते सांगत. आजचं मॉडेल अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या वॉर्डचं होतं. तीस खाटा, लांबच लांब पश्चिमेची भिंत. पडद्यावर सगळं हिरवंगार, म्हणजे पास.

"हे लोक उठणार नाहीत, साहेब."

"सिस्टर असते ना!"

"तिसांना एक."

काकांच्या डोक्यात हे आलं ते घरी. आदल्या संध्याकाळी ते परतले, तेव्हा अर्धं अंग लुळं पडलेली त्यांची बायको घामाने निथळत होती. सांभाळणारी बाई दुपारीच निघून गेलेली.

"शेजारी हाक नाही का मारायची?"

"मारली की, दोनदा. मग म्हटलं, येतीलच हे."

खिडकी तिच्या उशापासून दोन हातांवर होती.

काकांनी साहेबांसमोरच मॉडेलमधल्या खिडक्या बंद केल्या आणि सगळं पुन्हा चालवलं. दुपारी एकपासून वॉर्ड लाल होत गेला. चार वाजता एकही खाट सुटली नव्हती.

साहेबांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. माणूस वाईट नव्हता.

"बाहेरून छज्जे टाकले तर?"

"खूप फरक पडतो. दाखवू?"

"नको. टेंडर निघालंय, काका. आता छज्जे म्हटलं तर काम वर्षभर लांबेल, आणि तोवर ते लोक आत्ता आहेत त्या पत्र्याच्या शेडमध्येच. नियमाने पास आहे ना? तेवढंच लिहा."

काकांनी अहवालात शेवटी एक ओळ घातली, की या रुग्णांना खिडकी स्वतः उघडता येणार नाही. छापून आलेल्या अहवालात ती ओळ नव्हती. काकांनी पान उलटसुलट करून पाहिलं. मग सही केली. छप्पन्नाव्या वर्षी भांडून जायचं कुठे?

वॉर्ड सुरू झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात ते तिथे गेले. ओळखीचं कोणी नव्हतं. राहवलं नाही, एवढंच. भेटीची वेळ चार ते पाच. दारातच उकाडा अंगावर आला. पंखे होते, पण मधल्या वाटेवर. खाटांपर्यंत त्यांचं काही पोचत नव्हतं. खिडक्या झाडून सगळ्या बंद. पहिल्या खाटेवरच्या म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी तिच्या जवळची खिडकी उघडली.

"ओ काका, लावा ती!" पलीकडून सिस्टर ओरडली. तिचे दोन्ही हात कामात होते. "समोर खोदकाम चाललंय. धूळ सगळी यांच्या तोंडावर बसते. मी एकटी किती जणांची तोंडं पुसू?"

तिचंही खरं होतं. काकांनी खिडकी लावून घेतली.

मग स्टूल ओढून ते बसले, पिशवीतलं वर्तमानपत्र दुमडलं आणि म्हातारीला वारा घालू लागले.

"कोण रे तू?" तिने विचारलं.

"कोणी नाही, आजी. असाच."

तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने शेजारच्या खाटेवरच्या माणसाने हळूच मान इकडे वळवली. काकांनी स्टूल दोन्ही खाटांच्या मध्ये सरकवलं आणि हात बदलला.