बारा हजार डब्यांवरचा नंबर

राजा हे त्याचं खरं नाव नव्हतं. आई लाडाने तसं म्हणायची, आणि आई गेल्यावरही तो ते खरं मानून चालत राहिला. त्याच्या थोरल्या बहिणीला मात्र सगळे ताईच म्हणत. गिऱ्हाइकं, कामगार, बाबासुद्धा.

बाबांचं चपला-बूट दुरुस्तीचं दुकान होतं. पुढच्या खोलीत ठोकाठोक, मागच्या खोलीत पॉलिश. मधमाशांचं मेण मंद आचेवर वितळवायचं, शेगडी विझवून, भांडं लांब नेऊन त्यात टर्पेंटाइन ओतायचं, काळ्यासाठी काजळी घालायची. ऐकायला सोपं, पण मेण जरा जास्त तापलं की डबीत रवाळ होतं आणि बुटावर पांढरट डाग सोडतं. बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून पॉलिश ताईच करायची. बिनरंगी पॉलिश तर पूर्ण तिचंच. बाबांनी ते पहिल्यांदा बोटावर घेऊन जुन्या चामडी पिशवीवर चोळलं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "आता मला विचारत बसू नकोस." बाबांकडून एवढी शाबासकी राजाला जन्मात मिळाली नव्हती.

पुढे आजूबाजूचे दुकानदार डब्या मागू लागले, मग ऑनलाइन विक्री सुरू करायचं ठरलं. तिथे पहिलाच प्रश्न आला: बारकोड आहे का? राजाने हात झटकले. "त्या रेघोट्यांची कटकट मला नको. तुझ्या नावावर कर काय करायचं ते."

ताईने केलं. नंबर देणाऱ्या संस्थेचे नियम तिने दोनदा वाचून काढले. रेघांखालच्या आकड्यांतले सुरुवातीचे आकडे ज्याच्या नावावर नोंद होते त्याचे; तेवढे दुसऱ्या कोणालाच मिळत नाहीत. पुढचे आकडे मालाचे. काळ्याचा वेगळा, तपकिरीचा वेगळा, लहान डबीचा वेगळा, मोठीचा वेगळा. दरवर्षी नोंद नवी करायची. अर्जात नाव लिहायच्या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहिलं, कारण दुसरं कोणी आपलं नाव लिहू देत नव्हतं.

मग बाबा अंथरुणाला खिळले. अकरा महिने ताई त्यांच्या उशाशी होती. नवऱ्याने घर सांभाळलं, टपालखात्यातली नोकरी सांभाळून स्वयंपाकही केला, आणि तो खाणं हीही एक सेवाच होती असं ताई म्हणायची. राजा दुकान बघत होता. बाबा गेल्यावर सोळाव्या दिवशी ताई सकाळी दुकानावर गेली, किल्ली लावली, तर ती फिरेना.

आतून राजाने दार हातभर उघडलं. "कुलूप बदललंय. दुकान माझ्या नावावर आहे. बाबांनीच अंगठा दिलाय."

"बाबांना शेवटी चमचा धरता येत नव्हता. अंगठा कसा दिला?"

"मी धरला हात."

हे त्याने अगदी सहज सांगितलं. ताई म्हणाली, "आणि पॉलिश कोण करणार?"

"मेणच वितळवायचंय ना? चार माणसं ठेवीन. तू तरी काय करत होतीस? रेघोट्या चिकटवत होतीस."

आत बसलेले दोन कामगार हसले. राजाने खुंटीवरचा तिचा मेणकट एप्रन काढून दाराच्या फटीतून बाहेर दिला आणि दार लावलं. अंगठ्यासाठी ताईने त्याला कदाचित कधीतरी माफ केलं असतं. ते हसू मात्र तिच्या कानांत घर करून राहिलं.

ती भांडली नाही. कोर्टात गेली नाही. घरी येऊन ओट्यावर एक छोटी शेगडी मांडली आणि दहा-बारा जुन्या गिऱ्हाइकांसाठी काचेच्या बरण्यांत पॉलिश करायला लागली. बरण्यांवर काहीच चिकटवलं नव्हतं. वर्ष संपत आलं तेव्हा संस्थेकडून पत्र आलं: नोंद चालू ठेवायची असल्यास फी भरा. तिने भरली. दुसऱ्या वर्षी भरली. तिसऱ्या वर्षी नवऱ्याने पावती हातात घेऊन विचारलं, "हे नंबर तू वापरत नाहीस, मग कशाला?"

"तो वापरतोय."

"मग थांबव की त्याला. एका पत्राचं काम."

"आत्ता त्याच्या दोनशे डब्या अडतील. दोनशे डब्यांनी त्याचं काय वाकडं होणार? वाढू दे."

नवऱ्याने पावती खाली ठेवली. "राग पाळायला एवढा खर्च? मांजर पाळली असती तर निदान मांडीवर बसली असती."

ताई हसली, पण फी भरायची थांबली नाही.

राजाची बायको महिन्या-दोन महिन्यांनी चोरून ताईकडे यायची. ती वयाने ताईपेक्षा बरीच लहान, तरी ताई तिला वहिनीच म्हणायची. बाबांच्या आजारपणात तिने ताईच्या बरोबरीने रात्री जागवल्या होत्या आणि कुलूप बदललं त्या दिवशी ती स्वतःच्या खोलीत रडत बसली होती, हेही ताईला ठाऊक होतं. तिसऱ्या वर्षी एका दुपारी वहिनी आली ती हरखलेलीच. चाळीस दुकानांची साखळी असलेल्या एका बूट कंपनीने राजाकडे बारा हजार डब्या मागितल्या होत्या. तिने पिशवीतून एक डबी काढून दाखवली. झाकणावर राजाचा हसरा फोटो, खाली 'पिढीजात कारागीर'.

ताईने डबी उलटी केली. बुडाशी त्याच रेघा, तेच आकडे.

"नंबर जुनेच ठेवलेत?"

"हो. हे म्हणाले, चालतंय ते कशाला बदलायचं."

"खरंय," ताई म्हणाली. "माल कधी जायचाय?"

"मंगळवारी."

सोमवारी सकाळी ताईने ईमेलवर दोन पत्रं लिहिली. एक बूट कंपनीला, एक ऑनलाइन विक्रीच्या साइटला. या क्रमांकांची नोंद माझ्या नावावर आहे, या मालाशी माझा संबंध नाही, क्रमांक वापरायची परवानगी मी कोणालाही दिलेली नाही. सोबत तिन्ही वर्षांच्या पावत्या. पत्र तिने चुका शोधायला चार वेळा वाचलं आणि पाचव्यांदा नुसतंच, चवीने.

मंगळवारी टेम्पो कंपनीच्या गोदामाच्या फाटकावरून परत आला. त्याच आठवड्यात राजाचं ऑनलाइनचं पानही बंद झालं.

शुक्रवारी तो स्वतः आला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने ताईच्या घराची पायरी चढली. सुरुवातीला आवाज चढलेला होता, मग तो हळूहळू खाली आला.

"ताई, एक सही कर. परवानगीची. तुझं काय जातंय? रेघोट्याच तर आहेत."

"रेघोट्याच आहेत ना? मग दुसऱ्या ओढ."

"पंधरा दिवसांची मुदत दिलीय त्यांनी. बारा हजार डब्या भरून पडल्यात. बाबांचं नाव बुडेल."

"बाबांचा हात धरायला कोणाला विचारलं नव्हतंस. आता नावही तूच धर."

राजा उभाच होता. बसायला ती म्हणाली नाही. जाताना तो दारात अडखळला, आणि तेवढंही तिला बरं वाटलं.

खरं म्हणजे गोष्ट इथेच थांबू शकली असती. राजाने रीतसर अर्ज केला असता, कागद जोडले असते, तर मुदतीच्या आत त्याला स्वतःचे नंबर मिळाले असते. पण त्याला धीर नव्हता. रविवारी वहिनीचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती.

"ताई, एका साइटवर दहा नंबर तयार मिळतायत. आजच्या आज, आणि स्वस्तात. अर्जबिर्ज काही नाही. यांना तुम्हाला विचारायची लाज वाटते, म्हणून मी विचारते. तुम्हाला यातलं कळतं. घेऊ का?"

ओट्यावर मेण वितळत होतं. ताईने शेगडी बारीक केली. असल्या साइट तिला माहीत होत्या. कोणीतरी कधीकाळी घेतलेले, वापरून सोडलेले नंबर तिथे पुन्हा विकले जातात. फोनचा कॅमेरा समोर धरला की बीप वाजतं, म्हणजे घेणारा खूश. पण मोठं गोदाम नुसता आवाज ऐकत नाही, नंबर कोणाच्या नावावर आहे तेही बघतं. एका वाक्यात सांगता आलं असतं.

"घ्या की," ताई म्हणाली. "फोनवर लावून बघा. वाजलं म्हणजे झालं."

"तुम्ही आहात म्हणून बरं आहे," वहिनी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पुढचं ताईला बूट कंपनीच्या खरेदी विभागातल्या बाईंकडून कळलं. पत्रावर ताईचा फोन नंबर होता, त्यावर त्यांनीच फोन केला. दुसऱ्यांदा माल आला, म्हणाल्या, प्रत्येक डबीच्या बुडाशी नवी पट्टी हाताने चिकटवलेली. फाटकावरच्या माणसाने यंत्र लावलं, तर पडद्यावर आलं: कुत्र्यांचा शाम्पू, कंपनी भलतीच. त्याने दुसरी डबी लावली, मांजरांचा. त्याने आतल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. कोणीतरी झाकणावरच्या फोटोकडे बघून विचारलं, हा अंघोळ घालणारा का? तुमचा भाऊ तिथेच उभा होता हो, बाई म्हणाल्या. मला बाई त्याची कीव आली. मागणी रद्द झाली होती.

"पण मला एक सांगा," त्या पुढे म्हणाल्या. "पहिला नमुना आम्हाला आवडला होता, त्यावर तीन वर्षांपूर्वीची तारीख होती. नंतरच्या डब्यांत रवा आहे. हे पॉलिश मुळात कोण करतं?"

"मी," ताई म्हणाली. "तीन नमुने पाठवते. बिनरंगी आधी बघा."

फोन ठेवून ती हसली. ओट्याची कड धरून, एकटीच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्या दोन कामगारांचं हसू तीन वर्षांनी तिच्या कानांतून गेलं.

वहिनी चौथ्या दिवशी आली. नेहमीसारखी चोरून नव्हे. समोरच्या दाराने, भर सकाळी. ती बसली नाही.

"त्या साइटचं तुम्हाला माहीत होतं?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. "होतं," ती म्हणाली.

वहिनीने दोन्ही हात पुढे केले. बोटांची टोकं सोललेली, नखांच्या कडेने डिंक काळा पडून बसलेला. "कामगार दुसऱ्याच दिवशी निघून गेले. हे तिसऱ्या दिवशी झोपून राहिले. बारा हजारांतल्या नऊ हजार पट्ट्या मी चिकटवल्या. प्रत्येक पट्टी चिकटवताना म्हणत होते, ताईंनी सांगितलंय म्हणजे बरोबरच असणार."

"वहिनी, माझं वैर राजाशी होतं."

"मग फोन त्यांना करायचा होता. विचारलं मी होतं."

ताई कपाटातून मलम आणायला वळली. परत आली तेव्हा दार उघडं होतं आणि वहिनी जिना उतरून गेली होती.

कंपनीला बिनरंगी आवडलं, मग काळंही. ताईने रस्त्यापलीकडे एक खोली भाड्याने घेतली, दोन बायका कामाला ठेवल्या. तिसरी जागा तिने रिकामी ठेवून वहिनीला निरोप धाडला. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा धाडला, तेव्हा फक्त दोन शब्द आले: नको, ताई.

राजाने पॉलिश सोडलं. तो आता पुढच्या खोलीत बसून बूट दुरुस्त करतो, आणि हात बाबांचा आहे, टाका चांगला घालतो. मागच्या खोलीत कुत्र्यांच्या शाम्पूच्या डब्या छतापर्यंत रचलेल्या आहेत असं लोक सांगतात. ते ऐकलं की ताईला अजून बरं वाटतं. ती ते लपवत नाही. एकदा जेवताना नवऱ्याने विचारलं, "झालं का तुझं समाधान?"

"राजापुरतं पूर्ण झालं," ताई म्हणाली. मग तिने भात सारखा केला, आणि थोड्या वेळाने विचारलं, "डिंकाने सोललेली बोटं किती दिवसांत भरतात रे?"

त्यालाही ते माहीत नव्हतं.