तक्त्यावरची शेवटची ओळ

"डोळा हा कामचुकार नोकर आहे. त्याला सगळं हातात आणून दिलंत की तो हातपाय हलवायचंच विसरतो." हा सिद्धान्त माझ्या भावोजींनी आरामखुर्चीत पडल्या पडल्या मांडला आणि त्याच दमात माझ्या बहिणीला स्वयंपाकघरातून बोलावून, हाताच्या अंतरावरचा पाण्याचा पेला मागितला.

भावोजींचं चष्म्याचं दुकान. जगाचे डोळे बिघडले तर घरात चूल पेटणार, आणि स्वतःच्या मुलीचे मात्र बिघडू नयेत हा हट्ट. शाळेत असतानाच माझ्या भाचीला फळ्यावरचं दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी स्वतःच डोळे तपासून तिला चष्मा करून दिला आणि ती गोष्ट फार मनाला लावून घेतली. वैद्याच्या घरी पडसं आलं की वैद्यच आधी शिंकतो.

मुलांचा नंबर काचांनी रोखता येतो का, यावर त्यांचं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचं वर्षानुवर्षं वाजायचं. डॉक्टर संध्याकाळी दुकानात टेकत. ते म्हणत, खास मुलांसाठी नव्या धर्तीच्या काचा आल्यात, त्यांनी नंबर वाढायचा वेग कमी होतो; थांबेलच असं नाही. भावोजी म्हणत, नव्या काचा कशाला? नेहमीचीच काच थोडी कमी नंबरची द्या, डोळा झक मारत कष्ट करील.

"ते जुनं झालं हो," डॉक्टर म्हणत. "तपासून पाहिलंय लोकांनी. त्यानं नंबर थांबत नाही, कधी उलट जास्तच वाढतो."

"लोकांनी पाहिलं असेल. मी कुठं पाहिलंय?"

आम्हाला वाटे, चाललीय दोघांची करमणूक.

भाची तेव्हा बॅडमिंटन खेळायची. चांगलं खेळायची. पण मग शटल तिला फार उशिरा दिसायला लागलं. प्रशिक्षक म्हणाले, हात मंद आहेत, हिला जमायचं नाही. ती घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. भावोजी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "जाऊ दे बाळ. प्रत्येकात सगळंच नसतं." रॅकेट माळ्यावर गेली.

यंदा ती परगावी नोकरीला लागली आणि तिथं एके सकाळी स्वतःच्याच चष्म्यावर बसली. ऑफिसजवळच्या दुकानात गेली. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "शेवटची ओळ वाचा."

भाची हसली. "ती वाचायची नसते ना. शोभेची असते."

"कोण म्हणतं?"

"बाबा. ती कोणालाच दिसत नाही."

बाईंनी काच बदलली. भाचीनं ती ओळ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. मग बाईंनी मोडक्या चष्म्याचा नंबर मोजला आणि म्हणाल्या, "इतका कमी नंबर चुकून जात नाही."

रविवारी ती घरी आली, नवा चष्मा लावून. मी तिथंच होतो. ती बसली नाही.

"बाबा, शेवटची ओळ वाचली मी."

भावोजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "कुठं तपासलंस? हल्ली कोणीही उठतो आणि मशीन मांडून..."

"बाबा."

"तुझ्या भल्यासाठीच केलं गं. थोडा कमी दिला की वाढायचा थांबतो."

"थांबला?"

"नाही. पण पूर्ण दिला असता तर याहून वाढला असता."

वादातली ही फार सोयीची जागा. तिथं उभ्या राहिलेल्या माणसाला कोणी हरवू शकत नाही. पुष्कळ पुढारी तिथंच म्हातारे झालेले मी पाहिलेत.

"दुकानात कितीजणांना असा कमी दिलात?" भाचीनं विचारलं.

भावोजी खरोखर दुखावले. "गिऱ्हाइकांना? छे. त्यांना अगदी बरोबरच द्यावा लागतो. विश्वासाचा धंदा आहे हा."

बोलून गेले आणि मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. ताई दारात येऊन उभी होती. "मलाही नाही सांगितलंत," ती म्हणाली.

"तू तिला सांगितलं असतंस."

"मी रडत होते ना," भाची म्हणाली, "तेव्हा तुम्हाला माहीत होतं. माझे हात मंद नव्हते."

"शटल मुळात बारीकच असतं..."

"तुम्हाला माहीत होतं."

"शंका होती," भावोजी हळूच म्हणाले. "म्हटलं, खेळ गेला तर गेला, डोळे तरी वाचतील."

अशा वेळी मला हमखास विनोद सुचतो. सुचलाही. गिळला, चव वाईट होती.

भाची खोलीच्या पलीकडून त्यांच्याकडे बघत राहिली. इतक्या लांबून त्यांचा चेहरा तिला इतका स्वच्छ कधी दिसलाच नसणार. भावोजींनी मान वळवली.

"यापुढं तुम्ही माझ्यासाठी काही ठरवायचं नाही," ती म्हणाली. "आणि माझे डोळे तर कधीच तपासायचे नाहीत." तिनं पिशवी खांद्याला अडकवली, बूट चढवले, दार उघडलं. कानामागे हात नेला आणि उंबऱ्यात थांबली. मग बुटांसकट आत आली आणि चष्मा काढून त्यांच्यासमोर ठेवला.

"उजवी काडी टोचतेय. तेवढी जरा वाकवून द्या. काचांना हात लावू नका."